चार्टात नसलेलं जंक्शन

“सरळ रस्त्याला काही नाहीच. टिंडिवनमपासून पुढे गाडी चार्जिंगला लावू म्हटलं तर एक प्लग नाही. लोक चंद्रावर यान उतरवतात, आणि आमचं काय, तर पुदुच्चेरीला वळा, उन्हातान्हात वळसा घाला, का? तर प्लग नाही!”

गिरीधरराव हे कुणाला उद्देशून बोलत नव्हते. जेवणाच्या टेबलाशी बोलत होते. त्यांच्या पाठीमागे हातभर अंतरावर कुमुदिनी फ्रिजमध्ये डोकं घालून कालचं दही शोधत होती. सरळ रस्त्याला काय आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. विळुपुरम आहे. चांगलं मोठं जंक्शन आहे. स्टेशनपलीकडे शाळेमागच्या गल्लीत हिरव्या फाटकाचं घर आहे, आणि त्या घरात गिरीधररावांची थोरली बहीण अन्नपूर्णाबाई, म्हणजे सगळ्यांची अक्का, राहते. तिच्याकडे फ्रिज आहे, मिक्सर आहे, इस्त्री आहे. म्हणजे ही सगळी काय रॉकेलवर चालत असतील?

पण हे बोलायचं नव्हतं. नऊ वर्षं कुणीच बोललं नव्हतं. कुमुदिनीने दही काढलं आणि फ्रिजचं दार जरा जोरातच लावलं.

गिरीधरराव रेल्वेत सेक्शन कंट्रोलर होते. एका बंद खोलीत बसून, गाडी डोळ्यांनी न बघता, कुठली गाडी कुठे थांबवायची आणि कुठली पुढे काढायची हे ठरवायचं काम. उजेड पडायच्या आत मद्रासला येणाऱ्या कित्येक गाड्या त्यांनी नुसत्या पट्टी-पेन्सिलीने आणल्या होत्या. कागदाच्या कडेला स्टेशनांची नावं, वर तास, आणि प्रत्येक गाडीची एक तिरपी रेघ. निवृत्तीनंतर दोन वर्षं त्या हाताला रेघ नव्हती. मग ओरगडमला गाड्यांच्या कारखान्यात इंजिनियर असलेल्या कौशिकने इलेक्ट्रिक गाडी घेतली, आणि बापाला नोकरी परत मिळाली. गाडी मुलाची, चार्ट बापाचा. भाजी आणायला अंबत्तूरच्या मार्केटात जायचं तरी आधी रेघ ओढायचे.

आत्ताचा चार्ट तंजावरचा होता. पुढल्या महिन्यात कौशिकचं लग्न. मुलगी रम्या, मैलापूरची, त्यांच्यासारख्याच जुन्या तंजावरी मराठी घराण्यातली. पहिली पत्रिका तंजावरला देवापुढे ठेवायची, मग कुंभकोणमच्या थोरल्या काकांना द्यायची, मग बाकीच्यांना.

“अप्पा,” कौशिक मोबाइलवर बोट फिरवत म्हणाला, “ॲप एकच थांबा दाखवतंय. चाळीस मिनिटं चार्जिंग, की थेट तंजावर.”

“कुठे?”

कौशिकने आईकडे पाहिलं. आईने दह्याकडे पाहिलं. “मधे,” तो म्हणाला.

“मधला चार्जर बिघडला अहे.”

“चार चार्जर आहेत तिथे अप्पा.”

“चारही बिघडलेत. ॲपला काय ठाऊक? ॲप कधी कंट्रोलला बसलं होतं की?”

कुमुदिनीने वाकून चार्ट पाहिला. तांबरम, चेंगलपट्टू, मेलमरुवत्तूर, टिंडिवनम अशी मोत्यासारखी नावं आणि त्यापुढे, जिथे पोटभर जागा होती, तिथे रबराने घासून घासून कागद पांढरा झालेला. ज्या जंक्शनवरून ह्या माणसाने जन्मभर गाड्या काढल्या, ते जंक्शन त्याने नकाशातून उचलून टाकलं होतं. याआधीच्या चार्टात तर ते तिरुवण्णामलैवरून निघाले होते आणि त्याच्याआधी वेल्लोरवरून. आणखी एक चार्ट काढला असता तर बेंगळुरूहून तंजावरला गेले असते.

आता भांडण काय होतं, तर तसं काही नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी कीर्तीचं, म्हणजे थोरल्या मुलीचं लग्न होतं. ह्या लोकांत पत्रिका पोस्टाने पाठवत नाहीत. जवळच्यांना तर नाहीच. जोडीने जायचं, ताटात कुंकू, अक्षता, विडा, फळं, खण ठेवायचा, पत्रिका दोन्ही हातांनी द्यायची आणि तोंडाने म्हणायचं, सगळ्यांनी यायचं. कुमुदिनी मिरजेची. तिच्या माहेरीही हे होतंच, पण इथे त्याला जे वजन आहे ते पाहून ती सुरुवातीला दबकून गेली होती. मेव्हण्याला ताटाऐवजी ताटलीत पत्रिका दिली म्हणून दोन घरं बोलत नव्हती, अशी उदाहरणं इथे लहान मुलांनाही पाठ असतात.

आणि गिरीधररावांनी अक्काची पत्रिका पाठवली गार्डाच्या हाती.

त्यांच्या डोक्यात ते फार भारी होतं. अक्काला फोन केला, अमक्या गाडीला एक नंबरला ये, शेवटच्या डब्याशी उभी राहा. पांढऱ्या गणवेशातला गार्ड उतरेल, पाकीट देईल, सलाम करेल. कुठल्या बहिणीला असं आमंत्रण गेलं असेल! अक्का रेशमी नऊवारी नेसून गेली. तिला वाटलं, भाऊ-भावजय उतरणार. गाडी थांबली. गार्ड उतरला. त्याने पाकीट दिलं, आणि पार्सलाची वही पुढे करून म्हणाला, “अम्मा, इथे सही करा.”

अक्का लग्नाला आली नाही. गिरीधररावांना ते लागलं. एकुलत्या भाचीच्या लग्नाला आली नाही! मग पुढे बारशाला इकडून बोलावणं गेलं नाही, मुंजीला तिकडून कळवलं नाही, आणि बघता बघता नऊ वर्षं झाली. कुणी विचारलं, की गिरीधरराव ठरलेलं सांगायचे: “अक्काच आली नाही. मी काय करू? तेव्हा कंट्रोलला श्वास घ्यायला फुरसत नव्हती, वादळ, पूर, सहा गाड्या मधेच अडकलेल्या. हिला विचारा.” इथे कुमुदिनीने मान हलवून म्हणायचं असायचं, “हो ना. फार धावपळ.” तिने ते म्हटलं होतं. कितीदा म्हटलं होतं ते तिचं तिला माहीत. लग्न मे महिन्यात होतं. मेमध्ये कसलं वादळ? गिरीधरराव आठवडाभर रजेवर होते आणि मांडवाच्या दिव्यांचे रंग निवडत होते.

परक्यांना सांगायला मग गुडघे होते. कीर्तीच्या सासरी विचारलं, “आत्या?” कुमुदिनी म्हणाली, “एक गुडघा धरलाय.” पुढल्या वर्षी दोन्ही धरले. कौशिकच्या साखरपुड्याला रम्याच्या आईने फार गोड आवाजात विचारलं, “मुलाच्या आत्या दिसत नाहीत?” तेव्हा कीर्ती पटकन म्हणाली, “ऑपरेशन सांगितलंय.” घरातल्या माणसांनी मिळून त्या बाईच्या पायांची पार वाट लावली होती.

आणि कौशिक सातव्या महिन्यात झाला तेव्हा हीच बाई आठ दिवसांसाठी म्हणून आली होती आणि दहा महिने राहिली होती. कापसात गुंडाळलेलं ते पोर रात्रभर छातीशी धरून बसायची. कुमुदिनीला तेव्हा तमिळ ‘पोदुम’ आणि ‘वेंडाम’, म्हणजे ‘पुरे’ आणि ‘नको’, एवढंच येत होतं. डॉक्टरशी, भाजीवालीशी, पाणीवाल्याशी सगळं अक्का बोलायची. कौशिक हे नाव त्याच्या कानात तिनेच सांगितलं. त्या कौशिकला हळद लागणार आणि आत्या नाही? कुमुदिनीला दुसरी कसलीच हौस नव्हती. हॉल कुठला, जेवण कुणाचं, तिला सगळं चालणार होतं. फक्त अक्का हवी होती. आणि हे वाक्य ती सोडून बाकी सगळी वाक्यं गेला महिनाभर बोलत होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी गिरीधरराव एकाएकी उठले. “मी मैलापूरला जाऊन येतो. रम्याच्या वडिलांशी हॉलचं बोलायचं अहे.”

“फोन करा ना. गाडी चार्जिंगला लावलीय,” कुमुदिनी म्हणाली.

“काही गोष्टी फोनवर होत नाहीत,” असं म्हणून ते गाडी घेऊन गेले. ह्यांना हे नऊ वर्षांनी कळलं, असं तिच्या जिभेवर आलं होतं. तिने ते वरणात ढवळून टाकलं. अंबत्तूर ते मैलापूर, आणि तेही संध्याकाळच्या गर्दीत. आले तेव्हा बॅटरी बरीच खाली गेलेली. त्यांनी गाडी परत प्लगला लावली आणि हॉलविषयी एक अक्षर न बोलता जेवले.

जेवणं झाल्यावर कुमुदिनी वॉचमनला भात द्यायला खाली गेली. मीटरच्या खोलीत त्यांच्या फ्लॅटचा चार्जिंगचा स्विच होता. ती काही तिथे जायला म्हणून गेली नव्हती. पण भात देऊन झाला, पाय तिकडे वळले, आणि तिच्या बोटाने स्विच खाली केला. एवढंच. मग ती वर आली, हात धुतले, आणि पत्रिकांच्या पिशवीत कुंकवाचा करंडा, अक्षता आणि एक चांगला हिरवा खण घातला. खण कुणासाठी, असं तिला कुणी विचारलं नाही. सकाळी दूध आणायला गेली तेव्हा तिने स्विच परत वर केला. चोरी करायचीच तर नीट करावी.

गाडीने चौसष्ट टक्के दाखवले.

“हे काय!” गिरीधरराव म्हणाले.

“करंट गेला असेल रात्री,” कुमुदिनी म्हणाली.

“हो, गेला होता,” कौशिक म्हणाला. “बराच वेळ गेला होता.”

कुमुदिनीने मुलाकडे पाहिलं. करंट एक मिनिटही गेला नव्हता. हा कशाला खोटं बोलतोय? त्याहून मोठं आश्चर्य म्हणजे, सिग्नल दोन मिनिटं उशिरा पडला म्हणून स्टेशनमास्तरांना घाम फोडणारा माणूस फक्त “सरी, ठीक अहे, निघू” म्हणाला आणि पुढल्या सीटवर चार्ट मांडीवर घेऊन बसला.

तांबरम गेलं. कीर्ती बेंगळुरूहून विचारत नव्हती तरी तिला मेसेज गेला: तांबरम थ्रू. चेंगलपट्टूला तळं ओलांडल्यावर गिरीधररावांनी एसी बंद करायला लावला.

“टक्के वाचतात.”

“मग काचा उघडू?” कुमुदिनीने मागून विचारलं.

“काचा उघडल्या की वारा अडतो. टक्के जातात.”

“म्हणजे एवढी नवी गाडी घेऊन मी आत पदराने वारा घेत बसायचं?”

“पदर हळू हलव,” कौशिक म्हणाला. “त्यानेही जात असतील.”

सत्तरच्या वर जायचं नाही असा हुकूम होता, त्यामुळे त्यांना एसट्या, ट्रक, आणि एकदा तर नारळ भरलेला टेंपोही मागे टाकून गेला. टेंपोवाल्याने वळून, आत कुणी आजारी आहे का ते पाहिलं. गाडीतली नकाशा दाखवणारी बाई मात्र बिनधास्त होती. ह्या कुटुंबात ती नवीन होती, तिला काही माहीत नव्हतं. दर थोड्या वेळाने ती आपल्या इंग्रजी लाडिक आवाजात सांगायची, विळुपुरमला चार्जिंगसाठी थांबावं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा गिरीधरराव खोकले. दुसऱ्यांदा त्यांनी आवाज कमी केला. तिसऱ्यांदा तिचा गळाच दाबला.

“काशाला बडबडते ती,” ते म्हणाले.

कुमुदिनी माहेरी ‘कशाला’ म्हणायची, ‘आहे’ म्हणायची. ह्यांच्याकडे साडेतीनशे वर्षं ‘काशाला’ आणि ‘अहे’च होतं. लग्न झालं तेव्हा तिला हसू यायचं. आता कुणी कशाला म्हटलं तर तेच तिला उगाच घाईचं वाटायचं.

मेलमरुवत्तूरनंतर गाडीत एक वास यायला लागला. आधी तिला वाटलं, बाहेरचा. पण काचा बंद होत्या. वास तिच्याच पायाशी, सीटखालून येत होता. तिने वाकून चाचपलं. मैलापूरच्या दुकानाची कागदी पिशवी, आत कॉफी पावडर, अजून कोमट म्हणावी इतकी ताजी. पाकिटावर दुकानदाराने पेनने कॉफीची जात लिहिली होती: पीबेरी, चिकरी नाही.

कुमुदिनी ते पाकीट मांडीवर घेऊन बसली. त्यांच्या घरी जन्मापासून चिकरी घातलेली कॉफी. काकांकडे चिकरी. अख्ख्या घराण्यात चिकरीशिवाय कॉफी पिणारी एकच बाई होती, आणि ती म्हणायची, चिकरी घालणाऱ्याच्या घरी मी पाणीसुद्धा पिते ते उपकार म्हणून.

पुढल्या सीटवरच्या टकलाकडे तिने पाहिलं. टक्कल रस्त्याकडे बघत होतं. हॉलचं बोलायला गेले होते! तिने पाकीट हळूच परत सीटखाली सरकवलं. आपण काही पाहिलंच नाही. ह्या घरात ते सगळ्यांना उत्तम जमायचं.

टिंडिवनमच्या अलीकडे हॉटेलाच्या आवारात चार्जर होता. वाफेचं इंजिन पाणी भरायला थांबवावं तसा गिरीधररावांच्या चार्टात तो ‘आपत्कालीन पाणी’ म्हणून होता. पण त्याला एक टॅक्सी लागलेली, ड्रायव्हर आत जेवायला गेलेला, आणि मागे आणखी दोन गाड्या. शिवाय टॅक्सी शंभर टक्के भरून तशीच उभी.

“मी त्याला शोधून आणतो,” कौशिक म्हणाला.

“काशाला? माणसाला नीट जेवू दे,” गिरीधरराव म्हणाले. “पुढे जाऊ.”

पुढे फाटा होता. डावीकडे पुदुच्चेरी, सरळ विळुपुरम. दोन्हीकडे अंतर जवळजवळ सारखं. गाडीच्या पोटात पंधरा टक्के. म्हणजे कुठल्याही एका बाजूला जेमतेम पोचता येणार होतं, आणि चुकलं तर परत येता येणार नव्हतं. चार्टातली रेघ ठळकपणे डावीकडे गेलेली. कौशिकने वेग कमी केला. मागचा ट्रक हॉर्नवर झोपला. कौशिकने डावीकडचा दिवा लावला, मग विझवला, मग परत लावला.

गिरीधररावांनी चष्मा काढला, पुसला, घातला.

“सरळ रस्ता,” ते म्हणाले, “चांगला दिसतो. खड्डे नाहीत.”

“हो,” कौशिक म्हणाला. “डांबर नवीन आहे.”

“सावलीही आहे,” कुमुदिनी म्हणाली. त्या रस्त्याला औषधालाही झाड नव्हतं.

गाडी सरळ गेली. पुढे अर्धा तास गेला. चार टक्के उरले तेव्हा शाळेमागची गल्ली आली. कौशिकने रस्ता विचारला नाही, नकाशा पाहिला नाही, एकदाही चुकला नाही. नऊ वर्षांपूर्वी हा अठरा-एकोणीसचा. एवढं पाठ कसं? कुमुदिनीने मनात त्याची एक नोंद केली.

हिरवं फाटक नुकतंच रंगवलं होतं. गिरीधरराव उतरून त्याच्यापुढे उभे राहिले आणि कडी वाजवायच्या ऐवजी कडीची पाहणी करायला लागले. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून आवाज आला, “कोण ते?” आणि अक्का जिन्यावरून उतरत आली. उतरत म्हणजे, धडाधड. शेवटच्या दोन पायऱ्या तर तिने एकदमच घेतल्या. त्या गुडघ्यांकडे तिघेही असे बघत राहिले, की अक्कानेही खाली वाकून आपल्या पायांकडे पाहिलं.

केस सगळे पांढरे झाले होते. बाकी तशीच होती. तिने भावाकडे पाहिलं, भावजयीकडे पाहिलं, कौशिककडे पाहिलंच नाही, आणि म्हणाली, “काय पाहिजे?”

“चार्जिंग,” गिरीधरराव म्हणाले.

कुमुदिनीला वाटलं, इथेच रस्त्यावर बसावं.

“गाडीचं,” त्यांनी खुलासा केला. “ही करंटवर चालते. संपलं अहे. जाड पिनांचा प्लग लागतो. तुझ्याकडे नसेल तर...”

“काशाला नसेल? ये, लाव.”

आत घेतलेल्या गाडीच्या नाकासमोर, व्हरांड्याच्या जुन्या भिंतीवर, एक नवाकोरा पंधरा अँपिअरचा पॉइंट होता. पांढराशुभ्र. भोवतीचं सिमेंट अजून ओलं. कौशिक ते पाहून फार मन लावून वायर सोडवायला लागला.

“हा पॉइंट...” गिरीधरराव म्हणाले.

“होता,” अक्का म्हणाली.

“सिमेंट ओलं अहे.”

“दमट हवा अहे इथे.”

कुमुदिनीने कौशिककडे पाहिलं. कौशिकने वायरीकडे पाहिलं. म्हणजे हा फोन करत होता. किती दिवस? किती वर्षं? आणि मी इकडे मीटरच्या खोलीत चोरासारखी!

“किती वेळ लागेल?” अक्काने विचारलं. हॉटेलवाली विचारते तसं.

“तंजावरला पोचण्याइतकं व्हायला सहा-सात तास,” कौशिक पुटपुटला.

“मग जेवावं लागेल. बसा.”

ते तिघं व्हरांड्यातल्या बाकावर, स्टेशनवर गाडीची वाट बघत बसतात तसे ओळीत बसले. अक्का समोर खुर्चीवर. विषय चार्जिंगचा निघाला, कारण दुसरा काढायचा नव्हता. फ्रिजला जास्त करंट लागतो की गाडीला, पाऊस आला तर शॉक बसतो का, बॅटरी म्हातारी होते का. शेजारची बाई कुंपणावरून डोकावून गेली. अक्का तिला म्हणाली, “काही नाही. गाडी भरायला आलेत.”

मग कौशिकने, तोंडाला कुलूप सहन न होऊन, घोळ घातला. “तरी बरं, वेळेवर पोचलो. रात्री चार्जिंग नीट झालंच नाही. मी ऐंशीलाच थांबवायचं लावलं होतं, पण चौसष्ट कसे...” आणि थांबला.

“ऐंशीला काशाला थांबवलं?” गिरीधरराव.

“बॅटरीला... बरं असतं.”

“मी स्विच बंद केला होता,” कुमुदिनी म्हणाली. आता लपवण्यात अर्थ नव्हता. “आणि तुमचा मैलापूरचा हॉल सीटखाली आहे. पीबेरी.”

अक्काने तिघांकडे आळीपाळीने पाहिलं. तिच्या ओठांचा एक कोपरा हलला, पण तिने त्याला लगेच जागेवर बसवलं. “म्हणजे बिनबिघाडाची गाडी तिघांनी मिळून बिघडवली,” ती म्हणाली, “आणि वर मला म्हणता, प्लग पाहिजे.”

कुमुदिनी उठली, गाडीतून पिशवी आणली. ताट अक्काच्याच स्वयंपाकघरातून घेतलं. ते कुठे असतं ते तिला नऊ वर्षांनीही माहीत होतं, आणि तिथेच होतं. कुंकू, अक्षता, विडा, केळी, हिरवा खण, वर पत्रिका. तिने ताट नवऱ्याच्या हातात दिलं आणि शेजारी उभी राहिली. जोडीने.

अक्का खुर्चीतून उठली नाही. तिने फाटकाकडे मान लांब करून पाहिलं.

“गार्ड नाही आला की ह्या खेपेला?”

कौशिकने डोळे मिटले.

“सही कुठे करू ते आधीच सांग,” अक्का म्हणाली. “त्या वेळी पेन नव्हतं माझ्याकडे. शाळेतल्या पोराकडून मागून घेतलं. रेशमी नेसून, अख्ख्या प्लॅटफॉर्मासमोर.” आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

“अगं अक्का, तेव्हा,” गिरीधररावांनी सुरुवात केली, आणि कुमुदिनीला पुढचं सगळं ठाऊक होतं, “तेव्हा कंट्रोलला श्वास घ्यायला फुरसत नव्हती. वादळ, पूर, सहा गाड्या मधेच अडकलेल्या...” त्यांनी सवयीने बायकोकडे मान वळवली. “हिला विचार.”

कुमुदिनी ताटातल्या अक्षता बघत होती. चार दाणे कडेला गेले होते, ते तिने बोटाने मधे आणले. ‘हो ना’ म्हणायची जागा आली, तिच्यासमोर उभी राहिली, आणि निघून गेली.

गिरीधररावांनी जरा वाट पाहिली. मग परत म्हणाले, “सहा गाड्या.” ह्या वेळी आवाज लहान होता.

व्हरांड्यात नव्या पॉइंटमधून बारीक गुणगुण येत होती. अक्का त्यांच्याकडे बघत होती, कौशिक त्यांच्याकडे बघत होता, आणि बायको अक्षतांकडे. जन्मभर ज्या माणसाने कुठल्या गाडीला कुठे अडकवलं आणि का, याचं उत्तर तयार ठेवलं, त्याच्या हातातलं ताट एका बाजूला कललं. केळी सरकली. कुमुदिनीने ताटाखाली आपला हात धरला.

“अक्का,” गिरीधरराव म्हणाले, “तू आली नाहीस असं मी सगळ्यांना सांगत आलो. तसं नाही. मी बोलवायलाच आलो नव्हतो.”